पाचारण कुणाला होतं?

पोस्ट मोठी आहे. वेळ असेल तरच वाचा. अर्धी वाचून कमेंट करू नका, ही नम्र विनंती.

बोईसरमध्ये बातमीदारी करून मला वीसेक वर्षं झाली. या वीस वर्षांत माझ्या हातून सगळ्यात जास्त वेळा लिहिला गेलेला शब्द बहुतेक 'पाचारण' असेल. "घटनेची माहिती मिळताच अग्निशमन दलाच्या गाड्यांना पाचारण करण्यात आले." एमआयडीसीत आग लागली की हे वाक्य डोक्याला न विचारता बोटांतून येतं. डिप्लोमाच्या वर्गात सरांनी बजावलं होतं, असली सरकारी छापाची वाक्यं टाळा. नाही टळली.

आणि हाच शब्द लहानपणापासून चर्चमध्ये ऐकतोय. दैवी पाचारण. देवाने एखाद्याला नावाने हाक मारणं. ईस्टरचा चौथा रविवार, म्हणजे उत्तम मेंढपाळाचा रविवार, पोप सहावे पॉल यांच्या काळापासून, १९६४ पासून, जगभर पाचारणासाठी प्रार्थनेचा दिवस म्हणून पाळला जातो. आपल्याकडेही प्रार्थना होते, प्रवचन होतं, छोट्या मुलांना फादर-सिस्टरचे झगे घालून स्टेजवर आणतात, आया फोटो काढतात. त्यातल्या किती आयांना आपला पोरगा खरंच झग्यात हवा असतो, हा प्रश्न मी विचारत नाही. माझ्या आईलाही नको होता.

तर यंदाच्या त्या रविवारनंतर आमच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका ज्येष्ठ गृहस्थांनी लांबलचक मेसेज टाकला. सेमिनरी रिकाम्या पडत चालल्या आहेत, पोरं मोबाईलमध्ये घुसली आहेत, आईबापांनी संस्कार केले नाहीत, पाचारणाला 'हो' म्हणणारी पिढी संपली, वगैरे. खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. एक जोडलेले हात माझेही होते, खोटं कशाला बोलू.

चार दिवसांनी त्याच ग्रुपवर एका तरुण मुलाने फोटो टाकला. औद्योगिक वसाहतीच्या कडेचा नाला, पाणी विटकरी रंगाचं, वर फेस. खाली लिहिलं होतं, "आपण चर्चतर्फे प्रदूषण नियंत्रण मंडळाला पत्र देऊ शकतो का?" तीन मिनिटांत उत्तर आलं, "हा ग्रुप फक्त आध्यात्मिक विषयांसाठी आहे. कृपया राजकारण नको." पोराने फोटो डिलीट केला. सॉरी म्हणाला. त्या सॉरीलाही कुणीतरी जोडलेले हात दिले.

मंडळी, माझं भांडण या दोन मेसेजशी आहे. पाचारणाला कुणी उत्तर देत नाही म्हणून रविवारी रडायचं, आणि गुरुवारी एक पोरगा 'मी आहे' म्हणत उभा राहिला तर त्याला खाली बसवायचं. हे एकाच तोंडाने कसं चालतं?

आता कुणीतरी म्हणेल, फोटो टाकणं म्हणजे काय पाचारण झालं? थांबा जरा. आपल्याच पवित्र शास्त्रात बघू.

धर्मशिक्षणाच्या वर्गात शमुवेलची गोष्ट आपण सगळे शिकलो. लहान मुलगा मंदिरात झोपलेला, रात्री हाक येते, त्याला वाटतं म्हाताऱ्या एली गुरुजींनी बोलावलं. तीनदा धावत जातो. शेवटी एलीच्या लक्षात येतं आणि तो सांगतो, पुन्हा हाक आली तर असं म्हण. शमुवेल तसं म्हणतो. इथे वर्ग संपतो, आपण रंगीत खडूने चित्र काढतो, घरी जातो.

पण पुढे काय झालं? देवाने त्या पोराला पहिलाच निरोप काय दिला? एलीच्या मुलांनी देवळात जो भ्रष्टाचार चालवलाय, अर्पणातलं मांस ओरबाडून घेतायत, आणि एली सगळं माहीत असून गप्प आहे, त्याचा हिशोब होणार. हा निरोप! ज्या माणसाच्या घरात आपण जेवतो त्याच्याच विरुद्ध. पोरगं सकाळपर्यंत पडून राहिलं, उठून देवळाची दारं उघडली, पण सांगायला घाबरत होतं. मी बातमीदार आहे, ती भीती मला चांगली ओळखीची आहे. वीस वर्षांत अनेक प्रवचनं ऐकली, पण गोष्टीचा हा अर्धा भाग मला एकाही प्रवचनात भेटला नाही. हाकेचं चित्र आपण भिंतीवर लावलं, हाकेतला मजकूर गाळला.

दुसरं. बाप्तिस्मा देणारा योहान. त्याच्याकडे जकातदार आले, शिपाई आले, म्हणाले, आम्ही काय करावं? आता जकातदार म्हणजे रोमन लोकांसाठी आपल्याच माणसांना पिळणारा. योहानाने त्यांना नोकरी सोडायला सांगितलं का? वाळवंटात येऊन टोळ खायला बोलावलं का? लूकच्या शुभवर्तमानात तिसरा अध्याय काढून बघा. तो जकातदारांना सांगतो, ठरल्यापेक्षा जास्त वसूल करू नका. शिपायांना सांगतो, कुणाला धाक घालून पैसे उकळू नका, खोटे आरोप करू नका, पगारात भागवा. बस्स. एकदम कामाच्या टेबलावरचं बोलणं. माझ्या मते पाचारणावरचं इतकं सोपं प्रवचन दुसरं नाही, आणि इतकं अडचणीचंही नाही. झगा घालायचा तर निदान शहर बदलतं. इथे सोमवारी त्याच गेटमधून आत जायचंय.

आता बोईसरच्या आपल्या मिस्सेला कोण येतं ते आठवा. वसईकडची, केरळची, तमिळनाडूची, मंगलोर-गोव्याची, झारखंडची, इथली आदिवासी कुटुंबं. कुणी अणुऊर्जा केंद्रात, कुणी नर्स, कुणी शिक्षिका. आणि कितीतरी जण कारखान्यांत. कुणी लॅबमध्ये केमिस्ट, कुणी सेफ्टी ऑफिसर, कुणी सांडपाण्याच्या प्लांटवर ऑपरेटर. वर्क परमिटवर सही करणारे आपल्यात आहेत. मीटर बंद असताना रजिस्टरात 'पीएच ७.२' लिहिणारेही आपल्यात आहेत, आणि 'लिहून टाक रे' म्हणणारे सुपरवायझरही.

यांना पाचारण नाही? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ सालीच सांगून टाकलंय की पवित्र जीवनाचं पाचारण सगळ्यांना आहे, प्रापंचिकांना सुद्धा. साठ वर्षं उलटली. आपल्या ग्रुपवर अजून पोचलं नाही. नेटवर्कचा प्रॉब्लेम असेल.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातल्या औद्योगिक पट्ट्यांची प्रदूषणाची गुणवारी काढली, त्यात तारापूर पहिलं आलं. शंभरात ९३.६९. आपल्या गावाचा देशात पहिला नंबर, आणि तो हा. हरित न्यायाधिकरणात कोण गेलं? मांगेला समाजाची परिषद, आपले कोळी बांधव. ज्यांच्या जाळ्यात मासळीऐवजी काय येतं हे नवापूर, दांडी, आलेवाडीला जाऊन विचारा. त्यांनी दाद मागितली तेव्हा आपण, ज्या येशूने पहिले शिष्यच जाळी टाकणाऱ्यांतून बोलावले त्याचे अनुयायी, कुठे होतो? नोव्हेनात असू. नोव्हेना मीही करतो, त्याची चेष्टा करत नाही. पण मच्छीमारांच्या बोलावण्याची गोष्ट दरवर्षी वाचायची आणि शेजारच्या मच्छीमाराने बोलावलं तर 'हा आध्यात्मिक विषय नाही' म्हणायचं, हे मला पचत नाही.

काही लोकांना वाटतं, फादर झाले की खरं पाचारण, बाकी सगळं दुय्यम. त्यांना आपल्याच जिल्ह्यातला संत आठवून देतो. संत गोन्सालो गार्सिया. सोळाव्या शतकात वसईत जन्मला, बाप पोर्तुगीज, आई इथली. येशूसंघीयांबरोबर कोवळ्या वयात जपानला गेला, भाषा शिकला, त्यांच्यात सामील व्हायची फार इच्छा होती, पण त्यांनी घेतलं नाही. विचार करा, ज्याला आपण आज संत म्हणतो त्याचा अर्जच मंजूर झाला नाही. मग हा माणूस व्यापारी झाला. पुढे मनिलाला फ्रान्सिस्कन संघात साधा ब्रदर म्हणून घेतला गेला, आणि पुन्हा जपानला गेला तो दुभाषा म्हणून. हिदेयोशीच्या दरबारात दुसऱ्यांचं बोलणं नीट पोचवणं हे त्याचं काम. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला बाकीच्यांबरोबर क्रुसावर मारला गेला. १८६२ मध्ये संतपद मिळालं. शेवटपर्यंत फादर नव्हता. वसईत त्याच्या नावाचं कॉलेज आहे, गासला त्याचं चर्च आहे, सणाला गर्दी असते. पाचारण म्हणजे फक्त सेमिनरी असं म्हणणाऱ्यांनी त्या गर्दीत उभं राहून एकदा त्याचं चरित्र वाचावं.

आता फादर झालेल्यांचंही बघू. फादर फ्रान्सिस दिब्रिटो. २५ जुलै २०२४ रोजी गेले, तेव्हा आपण सगळ्यांनी त्यांचा फोटो स्टेटसला ठेवला. नंदाखालचा माणूस, १९८३ ते २००७ 'सुवार्ता' मासिक चालवलं, बायबल सोप्या मराठीत आणलं, त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पण वसईने त्यांना ओळखलं ते हरित वसईच्या लढ्यामुळे. बिल्डर, टँकर, गुंडगिरी, सगळ्यांना अंगावर घेऊन हा झगेवाला माणूस पाणी आणि झाडांसाठी रस्त्यावर उतरला. मी तेव्हा शाळेत होतो. आमचे थोरले काका घरात काय म्हणायचे ते मला स्पष्ट आठवतं: "फादरांनी देवळात बसावं, हे मोर्चे-बिर्चे त्यांचं काम नाही." काका २०२४ मध्ये अंत्यविधीला गेले होते. रडले. मी त्यांना आठवण करून दिली नाही, वय झालंय. इथे लिहितोय कारण ते फेसबुकवर नाहीत.

२०१९ मध्ये साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी दिब्रिटोंची निवड झाली तेव्हा बाहेरच्यांनी उलट्या बाजूने तेच म्हटलं. धर्मगुरूचं साहित्यात काय काम? विरोधाची पत्रं, धमक्यांचे फोन. आतले म्हणतात देवळाबाहेर येऊ नका, बाहेरचे म्हणतात देवळात परत जा. दोघांचा पत्ता एकच. दिब्रिटो पाठीच्या दुखण्याने बेजार असताना उस्मानाबादला गेले आणि बोलले.

ते संमेलन १० ते १२ जानेवारी २०२० ला होतं. मी त्याबद्दल एक छोटा लेख लिहायला घेतला होता, आपल्या जिल्ह्याचा माणूस म्हणून. ११ तारखेला संध्याकाळी कोलवड्याच्या बाजूला, बांधकाम चालू असलेल्या एका रासायनिक कारखान्यात स्फोट झाला. आठ माणसं गेली. मी लेख बाजूला टाकून पळालो. रात्री उशिरा मोबाईलवर बातमी टाईप केली. "अग्निशमन दलाला पाचारण करण्यात आले." तोच शब्द. तेव्हा काही सुचलं नव्हतं, ढिगाऱ्यातून माणसं काढत होते, सुचणार काय. पण आता त्या ग्रुपवरचा मेसेज वाचल्यावर ते वाक्य परत आठवलं. बंबवाल्याला पाचारण करतात म्हणजे कुठेतरी जळतंय म्हणून. 'तू निवडलेला आहेस, तू खास आहेस' असं सांगायला नाही कुणी फोन करत.

इथे त्या दुसऱ्या मंडळींबद्दलही एक वाक्य बोलून घेतो, जी हॉल भाड्याने घेऊन, बॅनरवर स्वतःचा फोटो लावून सांगतात की मला देवाने पाचारण केलं आहे, म्हणून माझ्या शब्दावर शंका घेऊ नका. मोशेला हाक आली तर तो कारणं सांगत बसला, जीभ जड आहे म्हणाला. योना तर उलट दिशेच्या जहाजात बसला. ज्याला हाक ऐकून थोडीही पळून जायची इच्छा झाली नाही, त्याच्यावर माझा विश्वास जरा कमीच बसतो.

आता माझं. दुसऱ्यांवर एवढं लिहिलं, स्वतःला सोडलं तर तुम्हीच कमेंटमध्ये धराल.

काही वर्षांपूर्वीची जुलैमधली रात्र. धो धो पाऊस. अकराच्या सुमारास फोन आला, सांडपाण्याच्या प्लांटवर काम करणारा, आपल्याच मिस्सेला येणारा एक माणूस. "दादा, आत्ता या. टाकी नाल्यात सोडतायत." पावसात सोडतात, कारण पाण्यात पाणी मिसळतं, सकाळी काही दिसत नाही. गेलो. गुडघाभर चिखलात उभं राहून फोटो काढले, वास अजून नाकात आहे. सकाळी नावासकट बातमी पाठवली. दुपारी वरून फोन, दिवाळी पुरवणीच्या जाहिराती कुठून येतात माहीत आहे ना. दुसऱ्या दिवशी चार ओळी आल्या: नाल्यात रंगीत पाणी, नागरिकांत नाराजी. कंपनी नाही, जागा नाही, काही नाही. मी भांडलो नाही. मुलीची फी भरायची होती, हे कारण खरं होतं, पण एकच कारण नव्हतं. मला ती जागा सोडायची नव्हती.

त्या माणसाचं कंत्राट पुढच्या महिन्यात संपलं, ते पुन्हा मिळालं नाही. फोन कुणी केला हे त्यांना कसं कळलं, मला माहीत नाही. तो अजून मिस्सेला येतो. शांतीचा नमस्कार करायची वेळ येते तेव्हा मागे वळून मला हात जोडतो. एक शब्द कधी बोलला नाही. मला ते हात घेता येत नाहीत.

मला दहावीनंतर पाचारण शिबिराला पाठवलं होतं, दोन दिवस. जेवण चांगलं होतं, हाक काही ऐकू आली नाही. मी समजत होतो की आपला तो विषय तिथेच संपला. त्या जुलैच्या रात्री मोबाईलवर आली ती हाक होती, हे मला फार उशिरा कळलं. आणि मी अर्ध्या रस्त्यापर्यंतच गेलो.

म्हणून जे म्हणतात, बाबा, आपण मूठभर, नोकऱ्या कंत्राटी, वातावरण असं की दोन ख्रिस्ती एकत्र बसले तरी धर्मांतराची कुजबुज होते, गप्प राहिलेलं बरं, त्यांना मी भित्रे म्हणणार नाही. मला तो अधिकार नाही. किंमत खरी असते, आणि ती एकट्याला पडत नाही. ना. वा. टिळकांना आगगाडीत कुणीतरी नवा करार दिला, १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आपण त्यांची पाचारणाची गोष्ट कौतुकाने सांगतो. पण लक्ष्मीबाईंनी त्यानंतरची वर्षं कशी काढली हे 'स्मृतिचित्रे'मध्ये वाचा. हाक नवऱ्याला आली, बिल बायकोला आलं. त्या माणसाच्या बायकोने त्या वर्षी काय केलं असेल, हे मी अजून विचारलेलं नाही.

पण म्हणूनच तर चर्च हवं ना? एकट्या ऑपरेटरला बिल परवडत नाही. एकट्या पोराला ग्रुपवर उभं राहता येत नाही. शंभर-दोनशे घरांनी मिळून एका पत्रावर सही केली तर कुणाचं कंत्राट कापणार? आणि ज्याचं कापलं त्याच्या घरी महिनाभर डाळ-तांदूळ पोचवणं एवढं तरी आपल्याला जमेल. आपण जत्रेच्या मंडपाला वर्गणी काढतोच. मी सगळ्यांना दिब्रिटो व्हा म्हणत नाही. जे मोजलं नाही ते रजिस्टरात लिहू नका, एवढ्यापासून सुरुवात होते. योहानाने जकातदाराला याहून जास्त काही सांगितलं नव्हतं.

कुणी विचारेल, धर्मगुरूंना हे पसंत पडेल का? मी फादरांना भेटलो. त्यांनी ऐकून घेतलं, चहा पाजला, आवारात सह्या घ्यायला ना म्हणाले नाहीत. हो सुद्धा म्हणाले नाहीत. मला तेवढं पुरे.

त्या मुलाला मी वैयक्तिक मेसेज केला. फोटो त्याच्याकडे आहे, डिलीट फक्त ग्रुपवरून केला होता. पत्राला तोच जोडतोय. माझे जुलैचे फोटोही आहेत, पण ते वापरण्याआधी एका माणसाच्या घरी जाऊन विचारायचंय, आणि त्याच्या बायकोलाही विचारायचंय. आज संध्याकाळी जातोय.

पत्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला आहे, मराठीत, दीड पान. येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर गेटजवळच्या आंब्याखाली मी टेबल घेऊन बसतो. नाव द्यायची भीती असेल त्यांनी नुसतं वाचून जा, चालेल. ख्रिस्ती नसलेल्यांनीही या, नाला सगळ्यांच्याच दारावरून जातो. येताना पेन आणा, मागच्या वेळी रक्तदान शिबिरात माझी तीन पेनं गेली.